पुढे १५, मागे २६

शेव्हरले कॉर्व्हेअर ही गाडी २ ऑक्टोबर १९५९ रोजी अमेरिकेत विक्रीला आली. तिच्याबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत टायरमधल्या हवेचे दोन वेगळे आकडे होते: पुढच्या चाकांत १५ पौंड, मागच्या चाकांत २६. त्या काळी अमेरिकेत गाडी पेट्रोल पंपावर लागली की तिथला पोरगा काच पुसायचा, ऑइल बघायचा आणि सांगाल तर चारही चाकांत सारखी हवा भरून द्यायचा. पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यातच पडून असायची. पुढच्या दहा वर्षांत या गाडीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, एक पुस्तक देशभर गाजलं, जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीसमोर माफी मागावी लागली आणि वाहनांच्या सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. या सगळ्याचा धागा मागे मागे ओढत नेला, की तो त्या दोन आकड्यांपाशी येऊन थांबतो असं मला वाटतं. हे पुस्तक लिहायला घेतलं ते त्यामुळेच.

कॉर्व्हेअरवर आजवर जे लिहिलं गेलं त्यात सरळ दोन तट पडतात. एकाच्या लेखी ती माणसं मारणारी गाडी, नफ्यापायी जाणूनबुजून रस्त्यावर सोडलेली. दुसऱ्याच्या लेखी ती हकनाक बळी गेलेली, एका वकिलाने बदनाम केलेली आणि पुढे सरकारनेच निर्दोष ठरवलेली. दोन्हीकडचं वाचून काढल्यावर मला दोघांचंही पटेनासं झालं. ती त्या दशकातली सर्वांत धाडसी अमेरिकन गाडी होती, हे मी मनापासून मानतो. कंपनीचं धाडस चुकलं नाही. पण त्या धाडसाची पुरती किंमत मोजायची तयारी तिने ठेवली नाही आणि उरलेलं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातलं. घात झाला तो तिथे.

आधी काळ समजून घ्यायला हवा. पन्नासच्या दशकात अमेरिकन गाडी दरवर्षी लांब, रुंद आणि जड होत चालली होती. १९५९ ची कॅडिलॅक पावणेसहा मीटरच्या आसपास होती, मागे उंच पंख आणि सगळीकडे क्रोमची झळाळी. पण १९५७-५८ मध्ये मंदी आली. लोक हात आखडता घेऊ लागले आणि पहिल्यांदाच लहान गाडीकडे वळून पाहू लागले. अमेरिकन मोटर्सचे प्रमुख जॉर्ज रोमनी आपली छोटी रॅम्ब्लर घेऊन गावोगाव व्याख्यानं देत होते. डेट्रॉइटच्या अवाढव्य गाड्यांना ते डायनासोर म्हणत. तिकडे जर्मनीहून येणारी फोक्सवॅगन १९५९ मध्ये अमेरिकेत एक लाखाहून जास्त खपली. अमेरिकेचा जवळपास निम्मा बाजार ज्यांच्या हातात होता, त्या जनरल मोटर्सला या खपाने तोशीस पडण्यासारखी नव्हती. तरी दखल घेणं भाग पडलं.

१९५९ च्या त्या एकाच हंगामात डेट्रॉइटच्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपापली ‘कॉम्पॅक्ट’ गाडी आणली. फोर्डची फाल्कन म्हणजे मोठ्या फोर्डचीच लहान आवृत्ती: इंजिन पुढे, पाण्याने थंड होणारं, ओढ मागच्या चाकांना. तिच्यामागे होते रॉबर्ट मॅकनमारा, जे पुढे केनेडींचे संरक्षणमंत्री झाले आणि व्हिएतनाम युद्धाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. क्रायस्लरची व्हॅलियंट दिसायला निराळी असली तरी तिचीही मांडणी नेहमीचीच होती. जनरल मोटर्सच्या शेव्हरले विभागाने मात्र पाटी कोरी करून सुरुवात केली.

ही कोरी पाटी एड कोल यांची. मिशिगनमधल्या शेतकरी घरातला हा माणूस आधी शेव्हरलेचा मुख्य अभियंता होता आणि १९५६ पासून त्या विभागाचा सर्वेसर्वा. १९५५ चं शेव्हरलेचं गाजलेलं व्ही-८ इंजिन त्यांच्याच देखरेखीखाली घडलं होतं. इंजिन मागे ठेवण्याची कल्पना ते कॅडिलॅकमध्ये होते तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होती आणि आता ती राबवण्याचा अधिकार त्यांच्या हाती आला होता. गाडी बाजारात आली त्या आठवड्यात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर कोल आणि कॉर्व्हेअर दोघेही झळकले. नाव मात्र जुनंच होतं. १९५४ च्या प्रदर्शनात कॉर्व्हेट आणि बेल एअर या दोन नावांची सांगड घालून एका नमुना-गाडीला ते दिलेलं होतं.

इंजिन मागे गेलं की काय काय साधतं ते कोल यांना नेमकं ठाऊक होतं. गाडीच्या मधून जाणारा लांब शाफ्ट उरत नाही, त्यामुळे पाय ठेवायची जागा सपाट होते. पुढचा भार कमी झाल्याने स्टिअरिंग हलकं होतं, त्याला पॉवरची मदत लागत नाही. ओढणाऱ्या चाकांवर वजन असल्याने बर्फात गाडी अडत नाही. इंजिन ॲल्युमिनियमचं, आडवं पसरलेलं, सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं; सुरुवातीला २.३ लिटर आणि ८० अश्वशक्तीचं. रेडिएटर नाही, पाणी नाही, हिवाळ्यात पाणी गोठायची भीती नाही. अमेरिकेत एवढ्या मोठ्या प्रमाणावर असं इंजिन मोटारीसाठी आजवर कुणी काढलं नव्हतं.

या इंजिनाचा पट्टा नीट पाहावा असा आहे. क्रँकशाफ्टची पुली गाडीच्या मागच्या टोकाला उभी आणि हवा मारणारा पंखा इंजिनाच्या माथ्यावर आडवा निजलेला. उभ्या पुलीवरून निघालेला पट्टा दोन मार्गदर्शक पुल्यांवरून काटकोनात वळतो, पंख्याला फिरवतो आणि पुन्हा वळून खाली येतो. पट्टा किती ताणायचा यात कसब होतं. फार ताणला तर बेअरिंग जायचं, सैल राहिला तर तो पुलीवरून उडायचा. पट्टा गेला की पंखा थांबला आणि पंखा थांबला की इंजिन तापायला वेळ लागायचा नाही. डॅशबोर्डवर त्यासाठी लाल दिवा होता आणि तो लागताच गाडी बाजूला घेणं हाच उपाय. जाणता मालक एक जादा पट्टा आणि पाना कायम पुढच्या डिकीत ठेवी.

दुसरी खोड ऑइलची. सहा सिलिंडरच्या बारा पुशरॉडच्या बारा नळ्या इंजिनाच्या पोटाखालून जातात आणि प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना रबराची एकेक रिंग, अशा एकूण २४ रिंगा. त्या काळचं रबर ॲल्युमिनियमच्या उष्णतेने कडक व्हायचं, चिरायचं, ऑइल झिरपायचं. १९६१ पासून गाडीचा हीटर इंजिनाभोवतीची गरम हवाच आत घेत असल्याने थंडीच्या दिवसांत जळक्या तेलाचा वास थेट बैठकीत शिरायचा. पुढे व्हिटॉन नावाचं उष्णता सोसणारं रबर आलं आणि हा त्रास मिटला. आज या गाडीचं इंजिन खोलणारा प्रत्येक जण त्याच रिंगा घालतो. एखादी रचना मुळात बरोबर असूनही तिला पुरं पडेल असं साहित्य अजून तयार नसतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आता चाकांकडे येतो, कारण वाद चाकांचा होता. मागे इंजिन म्हणजे गाडीचं साठ टक्क्यांहून अधिक वजन मागच्या चाकांवर. त्या चाकांसाठी शेव्हरलेने निवडलेली रचना स्विंग ॲक्सलची. त्यात प्रत्येक अर्धा ॲक्सल फक्त आतल्या टोकाला, गिअरबॉक्सपाशी वाकतो. बाहेरच्या टोकाला चाक त्याच्याशी काटकोनात घट्ट बसवलेलं असतं. साध्या रस्त्यावर हे उत्तम चालतं. वेगात वळण घेताना मात्र मागचा सांगाडा वर उचलला जाऊ लागतो, बाहेरच्या चाकाचा तळ आत सरकतो आणि टायर कडेवर येतो. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग आक्रसला की पकड अचानक सुटते. जड मागची बाजू बाहेर झेपावते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. फोक्सवॅगनमध्येही हीच रचना होती, पण तिचं इंजिन लहान आणि वेग कमी.

यावर उपाय होते आणि ते शेव्हरलेच्या अभियंत्यांना पुरते ठाऊक होते. पुढच्या दोन चाकांना जोडणारी पोलादी कांब, म्हणजे अँटी-रोल बार, बसवली की पुढची चाकं आधी घसरू लागतात; गाडी वळणात थोडी सरळ जाते, चालवणाऱ्याला इशारा मिळतो आणि तो वेग कमी करतो. मूळ आखणीत ही कांब होती. खर्च वाचवण्यासाठी ती काढली गेली. मग तोच परिणाम फुकटात कसा साधायचा? पुढचे टायर मऊ ठेवून. पुढे १५ पौंड, मागे २६. गणिताने हे बरोबरच होतं. आकडे पाळले तर गाडी बऱ्यापैकी वागायची. पण ज्या कामासाठी पोलाद हवं होतं ते काम आता हवेच्या भरवशावर होतं आणि ही हवा कोण, कुठे, किती भरणार हे कंपनीच्या हातात नव्हतं. या पुस्तकाचं सर्वांत मोठं प्रकरण या एका निर्णयावर आहे. वाचकाने ते घाईने उरकू नये, एवढी विनंती.

विक्रीचं सांगायचं तर पहिल्या वर्षी अडीच लाख कॉर्व्हेअर गेल्या आणि साधीसुधी फाल्कन चार लाखांवर. काटकसरी गिऱ्हाइकाला ओळखीचं इंजिन हवं होतं, जे नाक्यावरच्या मिस्त्रीला उघडता येईल. शेव्हरलेने हे ओळखून दोन वर्षांतच फाल्कनच्या धाटणीची शेव्ही-२ आणली. मग कॉर्व्हेअर तगली कशी? १९६० च्या मध्यावर आलेल्या मोन्झा या कूपेमुळे. वेगळ्या बादलीसीटा, नेटकी आतली सजावट, किंमत आवाक्यातली. तरुणांना ती एवढी आवडली की १९६१ मध्ये विकलेल्या कॉर्व्हेअर मोटारींपैकी जवळपास निम्म्या मोन्झा होत्या. १९६२ मध्ये तिची टर्बोचार्जर लावलेली स्पायडर आली. टर्बो असलेल्या जगातल्या पहिल्या दोन विक्रीच्या मोटारींपैकी ही एक. दुसरी ओल्ड्समोबिलची जेटफायर, तीही जनरल मोटर्सचीच. मोन्झाचा खप पाहून फोर्डच्या ली आयकोका यांनी फाल्कनच्याच सांगाड्यावर एक देखणी तरुण गाडी बेतली. एप्रिल १९६४ मध्ये आलेली ती मस्टँग वर्षभरात चार लाखांवर गेली. कॉर्व्हेअरने दाखवलेल्या वाटेवरून मस्टँग पुढे निघून गेली.

कॉर्व्हेअरच्या भावंडांबद्दल इथे फार लिहीत नाही. मात्र रॅम्पसाइड या पिकअपची रचना मला फार आवडते. इंजिन मागे असल्याने मागची फळी उंच आणि मधला भाग खोलगट झाला होता. अभियंत्यांनी ती अडचण ओळखून उजव्या बाजूची भिंतच उतरत्या फळीसारखी उघडती केली, म्हणजे पिंप लोटत आत नेता येई. आणि पहिल्या कॉर्व्हेअरच्या कमरेभोवती फिरणारी ती एकसंध कड युरोपातल्या एनएसयू प्रिन्झ आणि हिलमन इम्प या गाड्यांवर जशीच्या तशी दिसते. अमेरिकन गाडीची नक्कल युरोपने करावी, असा तो काळ नव्हता.

अपघात होत होते. विनोदी नट एर्नी कोव्हॅक्स जानेवारी १९६२ मध्ये लॉस एंजेलिसला मरण पावला तो कॉर्व्हेअरच्या स्टेशन वॅगनमध्येच. १९६५ पर्यंत कंपनीवर शंभराहून अधिक दावे दाखल झाले होते. कंपनीच्या आत काय चाललं होतं त्याची हकिकत पुढे जनरल मोटर्समधलेच एक अधिकारी जॉन डेलोरियन यांनी सांगितली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, कोल यांच्यानंतर शेव्हरलेची सूत्रं हाती घेतलेल्या बंकी नुडसेन यांनी दुरुस्तीचा आग्रह धरला, वरून नकार आल्यावर राजीनाम्याची धमकी दिली, तेव्हा कुठे मंजुरी मिळाली. प्रश्न होता गाडीमागे सुमारे १५ डॉलरचा. १९६२ पासून काही डॉलर जादा मोजणाऱ्याला ती कांब वेगळी मिळतही होती. ज्याला गरज कळत होती त्याने ती घेतली. ज्याला कळत नव्हती, आणि ज्याला तिची खरी गरज होती, त्याने घेतली नाही. १९६४ च्या गाड्यांत कांब सर्रास आली, मागे एक आडवी पाटा-स्प्रिंगही आली. १९६५ मध्ये तर मागची सगळी रचनाच बदलली. नवी रचना कॉर्व्हेटच्या धर्तीची, दोन्ही टोकांना वाकणारी. त्याच वर्षी गाडीला नवं रूप मिळालं. बिल मिचेल यांच्या हाताखालच्या रॉन हिल यांनी आखलेलं ते रूप माझ्या मते साठच्या दशकातल्या अमेरिकन मोटारींत सर्वांत निर्मळ आहे. कुठेही उगाच वळसा नाही, उगाच क्रोम नाही.

आणि नेमकं त्यानंतर, ३० नोव्हेंबर १९६५ रोजी, वकील राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ प्रसिद्ध झालं. पहिलं प्रकरण कॉर्व्हेअरचं होतं. तेही १९६० ते १९६३ च्या गाड्यांचं. बाकीची प्रकरणं सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांवर होती: छातीत घुसणारा स्टिअरिंगचा दांडा, डोळे दिपवणारा डॅशबोर्ड, धूर, पादचाऱ्यांना फाडणारी टोकं. पुस्तक सुरुवातीला बेताचंच गाजलं. ते घरोघरी पोचवलं खुद्द जनरल मोटर्सने. कंपनीने नेडर यांच्यामागे खासगी गुप्तहेर लावले. त्यांच्या ओळखीपाळखीच्या लोकांकडे खोदून खोदून चौकशा झाल्या, पाळत ठेवली गेली. हे उघडकीला आल्यावर सिनेटर अब्राहम रिबिकॉफ यांच्या समितीने कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना बोलावलं आणि २२ मार्च १९६६ रोजी रोश यांनी जाहीर माफी मागितली. ९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन-सुरक्षा कायद्यावर सही केली. १९६८ पासून अमेरिकेतल्या नव्या मोटारींत सीटबेल्ट सक्तीचे झाले. नेडर यांनी खासगीपणाच्या भंगाबद्दल दावा लावला होता. १९७० मध्ये कंपनीने ४,२५,००० डॉलर देऊन तो मिटवला आणि नेडर यांनी ते पैसे लोकहिताच्या कामांत घातले.

खप कोसळला. १९६६ च्या हंगामात लाखाच्या आसपास, १९६७ मध्ये २७ हजार, १९६९ मध्ये फक्त ६,०००. पुस्तकाने गाडी मारली असं सरसकट म्हटलं जातं, पण कंपनीने या गाडीवर नवा खर्च थांबवायचं १९६५ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे पुस्तक येण्याआधीच, ठरवलं होतं. मस्टँगला उत्तर म्हणून कमॅरो आखली जात होती. पुस्तकानंतर लगेच गाडी बंद केली असती तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून ती पुढे रेटली गेली असावी असा माझा कयास आहे.

१९७२ मध्ये सरकारच्या वाहन-सुरक्षा खात्याने चाचण्यांचा अहवाल दिला. १९६० ते १९६३ ची कॉर्व्हेअर तिच्या काळातल्या इतर गाड्यांहून जास्त अनावर होत नाही, असा निष्कर्ष निघाला. नेडर यांनी तो मानला नाही. गाडीचे चाहते आजही हा अहवाल निकालपत्रासारखा पुढे करतात. मला त्यात निर्दोषत्व दिसत नाही. इतरांहून वाईट नाही, एवढंच तो सांगतो; ते इतर कसे होते हे नेडर यांच्या उरलेल्या प्रकरणांत वाचायला मिळतं. आणि चाचणीच्या मैदानावर कसलेला माणूस पुस्तिकेबरहुकूम भरलेल्या टायरांवर गाडी घुमवतो, त्याची सर पावसाळी रात्री अनोळखी उतारावर निघालेल्या कुटुंबाला कशी येणार?

हा विषय मराठी वाचकाला परका वाटण्याचं कारण आहे. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना होता. १९२८ पासून तिथे शेव्हरले जोडल्या जात. तो १९५४ मध्ये बंद झाला, त्यामुळे पाच वर्षांनी आलेली कॉर्व्हेअर आपल्याकडे रस्त्यावर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पण तिने घातलेलं कोडं आपल्या ओळखीचं आहे. पुण्यातल्या टाटा मोटर्सच्या अभियंत्यांनी नॅनो आखली तेव्हा इंजिन मागच्या सीटखाली होतं आणि भार मागे. त्यांनी पुढे १३५ मिलिमीटर रुंदीचे टायर दिले, मागे १५५ चे. मागची पकड जास्त राहील याची तजवीज गाडीच्या अंगातच झाली. २००९ मधली ही साधी मापं वाचताना मला कॉर्व्हेअरची पुस्तिका आठवल्याशिवाय राहत नाही.

दहा वर्षांत सुमारे १८ लाख कॉर्व्हेअर झाल्या. शेवटची १४ मे १९६९ रोजी बाहेर पडली. त्याच वर्षी मालकांनी आपली संघटना काढली, ती अजून चालू आहे. घरच्या घरी विमानं बांधणाऱ्या हौशी लोकांनी हे हलकं, बिनपाण्याचं इंजिन केव्हाच उचललं होतं. मिनेसोटाच्या बर्नार्ड पिटेनपोल यांनी आपल्या दोन आसनी विमानावर ते साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच चढवलं आणि आजही अशी विमानं उडतात. कोल १९६७ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले आणि १९७७ मध्ये स्वतः चालवत असलेल्या विमानाच्या अपघातात गेले. त्यांच्याविषयी मी पुस्तकभर आदराने लिहिलं आहे. ज्या कांबीने हे सगळं टळलं असतं ती त्यांच्या कारकिर्दीत काढली गेली, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिलं आहे.

पुस्तकाची मांडणी कालक्रमाने नाही. पहिल्या प्रकरणात मी वाचकाला थेट मिशिगनमधल्या विलो रनच्या कारखान्यात नेतो. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने बी-२४ बॉम्बर विमानं जिथे बांधली, त्याच परिसरात पुढे बहुतेक कॉर्व्हेअर तयार झाल्या. गाडी आधी सुट्या भागांतून जुळताना पाहावी, ॲक्सल कुठे वाकतो आणि कुठे वाकत नाही ते डोळ्यांसमोर यावं, मग कोर्टातल्या साक्षी वाचाव्यात, असा त्यामागचा विचार. ज्यांना यंत्राची आवड नाही त्यांनीही ही पहिली चाळीस पानं वगळू नयेत. पुढचा सगळा वाद त्या पानांतल्या आकृत्यांवरच उभा आहे.